कोरं घोंगडं आणि चौथी स्लाइड

मॅडमनी एकच स्वेटर आणला होता आणि तोही बिनबाह्यांचा. सोलापुरातून निघण्याआधी मी दोनदा म्हणाले होते, मॅडम, तिकडं बर्फ असतो. दोन्ही वेळा त्यांचं उत्तर तेच होतं. "आपल्याकडं काय कमी थंडी असते का गं?" आपल्याकडं डिसेंबरात सकाळी मफलर बांधून निघालेली माणसं दहा वाजता तो हातात घेऊन फिरतात. हे मी मनात म्हणाले. मॅडमना काही सांगायचं असलं की माझं बरंचसं बोलणं मनातच होतं.

परिषद हिमाचलातल्या एका डोंगरी गावात होती, लोकर आणि मेंढ्या या विषयावर. जानेवारीत तिथं परिषद ठेवायची कल्पना कुणाची, हे मला अजून कळलेलं नाही. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे परिषद म्हणजे नेमकं काय करतात हे विचारायला घरात कुणी नव्हतं. मॅडम माझ्या मार्गदर्शक. माझा पेपर निवडला गेला होता आणि मला दहा मिनिटं बोलायचं होतं. इंग्रजीतली ती दहा मिनिटं मी आरशासमोर इतक्या वेळा म्हटली होती की आईलाही त्यातली काही वाक्यं यायला लागली होती.

पेपर घोंगड्यावर होता. आमचं घर मैंदर्गीजवळच्या एका वाडीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणतात. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे, की खळ तयार. ही खळ घोंगड्याच्या लोकरीवर काय करते, ते मी प्रयोगशाळेत पाहिलं. खळ दिलेल्या तुकड्यावर ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडायचा आणि घड्याळ लावून मिनिटभर बघायचं. थेंब तसाच गोल राहायचा. वाडीत तर सगळेच म्हणतात की घोंगडं पावसाला भीत नाही. मी दोन्ही जोडलं आणि चौथ्या स्लाइडवर लिहिलं, चिंचोक्याच्या खळीमुळे घोंगडं पाणी धरत नाही. सबंध पेपर त्या एका वाक्यावर उभा होता.

दाखवायला आप्पांनी नुकतंच मागावरून उतरवलेलं घोंगडं दिलं. घडी उलगडली तर ताठ उभं राहील इतकं कडक.

"कोरं हाय. पान्याला लावू नको," आप्पा म्हणाले.

आमच्यात नवं घोंगडं आधी बिरोबापुढं अंथरतात. त्याआधी कुणी पांघरायचं नाही, त्याला पाणी लावायचं नाही. मला वाटलं, आप्पा त्याबद्दलच बोलताहेत. मी मान हलवली आणि घोंगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत कोंबलं. ते कोंबलं जात नव्हतं म्हणून माझी शाल आणि एक पांघरूण घरी ठेवलं.

दोन गाड्या आणि एक बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा माझी बोटं बॅगेची चेन उघडायला तयार नव्हती. अतिथीगृहात नळाला पाणी नव्हतं, कारण ते पाइपातच गोठलं होतं. बादलीभर गरम पाणी मिळायचं, ते खोलीपर्यंत आणेस्तोवर कोमट व्हायचं. जेवणाच्या रांगेत प्रत्येक जण विचारायचा, महाराष्ट्र म्हणजे मुंबई का? मी सोलापूर म्हणाले की ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. आईनं दिलेल्या कडक भाकरीचा तुकडा मॅडमना दिला, तर त्या म्हणाल्या, "इथं सगळंच कडक आहे, आणखी ही कशाला?" आणि चार खाल्ल्या.

माझा पेपर दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता होता. सकाळी मॅडम खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. बाहेर बर्फ पडत होता. आम्हाला सभागृहापर्यंत चालत जायचं होतं.

"ते घोंगडं काढ की," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते दाखवायचंय."

"दाखवू की. पांघरूनच दाखवते सगळ्यांना."

"ओलं होईल, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं. "अगं, तूच लिहिलंयस ना, पाणी धरत नाही म्हणून?"

माझंच वाक्य होतं आणि खाली मॅडमची सही होती. बिरोबाचं सांगितलं असतं, पण संशोधन परिषदेला आलेल्या मुलीनं आपल्या मॅडमना बिरोबाचं कारण द्यावं, हे मला जमलं नाही. मी घोंगडं काढून दिलं. मॅडमनी ते डोक्यावरून घेतलं. ताठ असल्यामुळे त्या छोट्या तंबूत उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. वाटेत त्यांना फोटो हवे होते. देवदाराखाली एक, पायऱ्यांवर एक, मूठभर बर्फ उडवताना तीन. मी प्रत्येक फोटो काढताना घोंगड्याकडं बघत होते. बर्फ वर साठत होता आणि खाली पडत होता. अर्ध्या वाटेवर मलाही वाटलं की आपलं बरोबर आहे.

सभागृहात हीटर होता. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या. पहिलं भाषण संपायच्या आत वास यायला लागला. आधी ओल्या मेंढीचा, मग शिळ्या पेजेसारखा. पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळून बघायला लागल्या. मॅडमनी हळूच खांद्याला हात लावला आणि हात वर घेतला, तर बोटांना तारा आल्या. बर्फ वितळून आत मुरला होता आणि खळ पुन्हा खळ झाली होती. स्वेटरला चिकटलेलं घोंगडं सोडवायला आम्ही दोघी बाहेर गेलो. ते आता ताठ नव्हतं. भिजलेल्या पोत्यासारखं लोंबत होतं आणि माझ्या हातांना बुळबुळीत लागत होतं.

व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात रेंज येत होती. मी आप्पांना फोन लावला.

"भिजलं?" आप्पांनी विचारलं. मागून मागाचा आवाज येत होता.

"व्हय आप्पा. चिकट झालंय सगळं."

"हुनारच की. कोरं हाय ते. पान्याला लावू नको म्हणून सांगितलं हुतं न्हवं?"

"मला वाटलं, बिरोबाचं म्हणताय."

"ते बी हाय. पर खळ हाय की त्यात."

"पण घोंगडं पावसात भिजत नाही म्हणतात की सगळे."

"जुनं. मेंढरामागं दोन पावसाळं फिरल्यावर. खळ निगून जाती, लोकर दाट बसती, अंगाचं त्याल मुरतंय, मग पानी धरत न्हाय. कोऱ्याचं काय घिऊन बसलीस? खळीनं पानी अडतंय म्हणून कुनी सांगितलं तुला?"

कुणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं होतं, आणि तसं मी आप्पांना सांगितलं.

मागाचा आवाज थांबला.

"मला इचारायचं की," आप्पा म्हणाले. "मी काय परगावी हुतो का?"

वर्षभर मी दर शनिवारी घरी जात होते. वाचनालयातून पुस्तकं आणून त्याच मागाशेजारी बसून वाचत होते. आप्पा मधूनच विचारायचे, काय वाचतीस? मी म्हणायची, घोंगड्याचंच आहे, आप्पा, तुम्हाला नाही कळायचं. चीड मला आधी मॅडमची आली होती, मग त्या गोठलेल्या गावाची. आता ती कुणावर काढायची ते कळेना.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या ओल्या रुमालानं स्वेटर पुसत होत्या.

"घोंगडं खोलीवर ठेवून ये," त्या म्हणाल्या. "स्लाइडा आहेत तशा दाखव. इथं कुणाला खळ माहीत आहे?"

"पण ते चूक आहे, मॅडम."

"चूक घरी जाऊन दुरुस्त करता येते. माझंही नाव आहे त्यावर."

मी खोलीवर गेले. घोंगडं खुर्चीवर टाकलं, दाराला कुलूप लावलं, चार पावलं चालले आणि परत आले. पाठ केलेली दहा मिनिटं म्हणून बघितली. चौथ्या स्लाइडच्या वाक्याशी आले की तो बुळबुळीत स्पर्श आठवायचा. शेवटी ते ओलं घोंगडं पिशवीत घातलं आणि घेऊन गेले.

व्यासपीठावर पहिल्या तीन स्लाइडांचं इंग्रजी नीट झालं. चौथी आली आणि इंग्रजी संपलं, कारण यापुढचं काही पाठ नव्हतं. मी मोडक्या हिंदीत म्हणाले की या स्लाइडवरचं वाक्य चूक आहे. पिशवीतून घोंगडं काढून टेबलावर ठेवलं. माझा थेंब मिनिटभरच टिकतो, पुढं खळ फुगते आणि पाणी आत घेते, हे मी आज सकाळी पाहिलं, असं सांगितलं. पाणी अडतं ते खळ निघून गेलेल्या, वापरलेल्या घोंगड्यात, आणि त्याचा अभ्यास मी केलेला नाही. मॅडमकडं मी पाहिलं नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "वापरलेल्या घोंगड्याबद्दल संदर्भ कोणता?"

"माझे वडील."

"त्यांनी हे कुठं छापलंय?"

"छापलेलं नाही, सर. ते विणतात."

काही जण हसले. पहिल्या रांगेतले लोकरी टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ उठून टेबलापाशी आले, घोंगडं चिमटीत धरून चोळलं, बोटांचा वास घेतला आणि जागेवर जाऊन बसले. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. दहा मिनिटं झाली म्हणतात. मला तीन वाटली.

मॅडम परतीच्या प्रवासात माझ्याशी फक्त तिकिटाबद्दल आणि चहाबद्दल बोलल्या. दौंड गेल्यावर ऊन आलं, तेव्हा त्यांनी स्वेटर काढून हुंगला.

"वास काय जात नाही याचा," त्या म्हणाल्या. स्वेटर घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "खळीचं ते वाक्य कुठून आणलंस म्हणून सही करताना मी तरी तुला विचारायचं की."

मी काही बोलले नाही. या वेळी मनातही नाही.

घरी आप्पांनी घोंगडं उलगडून उन्हाकडं धरलं. खळ जागोजागी वाळून पांढरट डाग पडले होते. आईनं कपाळाला हात लावला.

"बिरोबाच्या आदी मॅडमनी पांगरलं म्हन की," आप्पा म्हणाले. "आता लागलंच हाय पानी, तर धुऊनच टाकू."

आम्ही दोघांनी ते हौदात बुडवून तुडवलं. पाणी गढूळ होऊन वाहत राहिलं. दगडावर पिळून टाकल्यावर आप्पा पायरीवर बसले.

"हं, इचार," ते म्हणाले.

मी वही घेऊन बसले होते, पण प्रश्न तयार नव्हते. इतक्या दिवसांत कधी लागलेच नव्हते. शेवटी सुचला तो विचारला. "आप्पा, घोंगडं पाणी धरेनासं व्हायला किती दिवस लागतात?"

"कुनाच्या खांद्यावर हाय, त्याच्यावर हाय ते."

मी पेन उघडलं आणि हे पेपरात कसं लिहायचं याचा विचार करत तशीच बसून राहिले.

"लिही की," आप्पा म्हणाले.