सारंगीच्या झाडाची राखण

आमच्या अम्फवाच्या बागेत शेकड्याने माड आहेत, पण उआम आत्याचं आयुष्य खाल्लं ते एकाच माडाने. त्याच्या करवंटीला तीन फुगवटे येतात, आणि तीन तारांची सारंगी होते ती असल्याच करवंटीची. बँकॉकच्या गादीवरचे आमचे दुसरे राजे याच गावात जन्मले. नाटकं लिहायचे, सारंगी स्वतः वाजवायचे. करवंटीसाठी त्यांनी आमच्या घराला शिक्क्याचा कागद दिला: बागेचा सारा माफ, पण झाड राखायचं. घरातले पुरुष वर्षातले काही महिने सरकारी वेठीला जायचे, म्हणून राखण सोळा वर्षांच्या आत्याच्या गळ्यात पडली.

दोनदा करवंट्या राजवाड्यात गेल्या. मग राजे वारले. नव्या राजांना नाटक-नाचाचं वावडं. कुणी फिरकेना, पण कागदही कुणी मागे घेईना. तांदळाच्या नावेवरचा नावाडी खोंग दोन वर्षं आत्याला 'चल' म्हणत होता. पण नावेवर संसार करायचा तर बाग सोडायला हवी. आजोबा म्हणाले, "राजाचा शब्द आहे, पोरी." खोंग दुसरीला घेऊन गेला. त्या झाडाच्या नारळाचं घोटभर पाणीसुद्धा कधी आमच्या घशाखाली उतरलं नाही. आणि ती सारंगी वाजते कशी, हे घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं! ती वाजायची राजवाड्यात.

मी सतराची झाले तेव्हा आत्याने पन्नाशी ओलांडली होती. एका सकाळी ती कुऱ्हाडीला धार लावत बसली.

"आत्या, हे काय?"

"माझ्यामागे हे भूत तुझ्या मानगुटीवर बसेल. त्याआधी आडवं करते."

"फटके बसतील!"

"म्हातारीला मारून मारून किती मारतील?"

तेवढ्यात धक्क्याला होडी लागली. चौथे राजे गादीवर आले होते, वाड्यात पुन्हा नाटकं सुरू झाली होती, आणि एक म्हातारा वादक करवंट्या शोधत बँकॉकहून आला होता.

"या गुरुजी," आत्या म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं उशीर झाला, बसा. झाड आज पाडतेय मी."

त्याने वाद घातला नाही. "पाडा की. फक्त आधी एवढं ऐका. या सारंगीची करवंटी तुमच्याच झाडाची आहे."

ओसरीवर बसून त्याने सारंगी लावली आणि वाजवायला घेतली. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण माझ्या हातातली भाताची वाटी तशीच राहिली, आणि आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, आता ती सुखावली. छे! ती चिडली होती.

"वाईट वाजली असती तर काय बिघडलं असतं हिचं?" ती म्हणाली. "आता मी कुणाला शिव्या घालू?"

झाड राहिलं. आत्याही राहिली, आणि अकरा वर्षांनी तिथेच गेली.

माझा भाऊ दूर चंथाबुरीला मिरीच्या मळ्यात निघाला, तेव्हा मला म्हणाला, "कागद दे शेजाऱ्याला, चल माझ्याबरोबर." मी बोचकं बांधलं, धक्क्यापर्यंत गेले, आणि परत आले. परतले ती आत्यासाठी नव्हे, राजाच्या शब्दासाठीही नव्हे. त्या दिवशी ती सारंगी मीही ऐकली होती ना.