काळ्या चौकटीतलं नाव

दिनकर गेल्याचा निरोप त्याच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, माणूस धाडून कळवला. त्याला महिना होत आला... अजूनही त्याचं नाव निघालं की मला त्याची खाली गेलेली मानच आधी दिसते.

आमच्या कोंडाणे गावचा हा माझा वर्गमित्र मुंबईत चित्रकला शिकला आणि सत्तरच्या सुमारास अक्षररचना शिकायला जर्मनीला गेला. तिथे एके दिवशी त्याला एक जुना छापखाना दाखवायला नेलं. एका खणात संस्कृत पोथ्यांसाठी कधीकाळी आणलेले देवनागरी अक्षरांचे शिशाचे खिळे निघाले. पठ्ठ्याने दिवसभर खपून आईचं नाव जुळवलं, 'अनसूया', आणि भोवती ठसठशीत काळी चौकट दिली. तिथल्या मंडळींनी वाहवा केली. स्वारीने तो कागद त्याच दिवशी आईला धाडला.

काळ्या चौकटीचं पत्र कशाचं असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ते घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. दिनकरच्या आईला, काकींना, वाचता येत नव्हतं. परदेशी तिकीट, काळी चौकट... त्यांनी कागद फाडला, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि तशाच ओटीवर बसल्या. मी पोचलो तेव्हा आळीतल्या बायका जमल्या होत्या. अंगणातले तुकडे गोळा करून मी जुळवले.

"काकी, हे तुमचंच नाव आहे. दिनूने छापलंय."

काकींनी विचारलं, "माजं नाव? मंग मेलं कोन?"

तो परतल्यावर हे सगळं मीच त्याला सांगितलं. त्याचे कान लाल झाले. "चौकट झ्याक दिसत व्हती रं," तो म्हणाला. "आयेला वाचता येत नाय, ह्ये तितं ध्यानातच नाय आलं. माज्या आयेला..." त्याची मान खाली गेली. आत जाऊन तो आईसमोर बसला. "आये, चुकलो."

"जेव आदी," काकी म्हणाल्या. त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. दोन शब्द बोलल्या असत्या तर तो सुटला असता, असं मला फार वाटतं.

पुढे त्याने शिळफाट्याला बिऱ्हाड केलं, काकींनाही नेलं. तिथे घरात येणारा प्रत्येक कागद तो दारातच मोठ्याने वाचायचा, मग आत आणायचा. लग्नपत्रिका असो की साबणाची जाहिरात. आम्ही त्याला आकाशवाणी म्हणायचो. आतून काकी "बरं" म्हणायच्या. त्या गेल्यावरही त्याचं वाचन थांबलं नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो होतो. विजेचं बिल आलं. वहिनी दारातच उभ्या राहून मोठ्याने वाचू लागल्या. पहिलंच नाव दिनकरचं. त्या थांबल्या.

"ऐकायला आता कोन हाय घरात," म्हणाल्या, आणि पुन्हा त्याच्या नावापासून वाचायला लागल्या.