सापळ्याले चिलखत दिसत नाही

पंच्याऐंशी साली आम्ही प्रताप नगरातले चौघं दर रविवारी बाबारावांकडे भुयाराचा खेळ खेळायचो. पुठ्ठ्याचा पट, फासे, राक्षस, सगळं त्यांच्या मेहुण्यानं विलायतेहून पाठवलेलं. नियम इंग्रजीत आणि चौघांत मॅट्रिक ते एकटेच, म्हणून निकाल त्यांचाच.

एकदा त्यांचाच चिलखतवाला शिपाई सापळ्यात पडला. चिलखत असलं की मार अर्धा बसतो, असं पुस्तकात होतं. सापळ्याबद्दल अक्षर नव्हतं. बाबारावांनी पूर्ण मार धरला आणि शिपाई मेला असा निकाल दिला. मी वैतागलो. "तुमचाच गडी हाय, काहून मारता?"

"चिलखत तलवारीसाठी असते," ते म्हणाले. "सापळ्याले ते दिसत नाही."

हिंगण्याच्या एका कारखान्यात साहेबानं त्यांना जाड हातमोजे सक्तीनं घालायला लावले होते. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा गुंतला आणि उजवा हात घेऊन गेला. साहेब वर म्हणाला, हातमोजे तर दिले होते.

त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, चहा ठेवला. "खेळात तरी वाचू द्या त्याले."

बाबारावांनी डाव्या हातानं शिपाई उचलून डब्यात टाकला. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तोच शिपाई घेतला, आणि तो सापळ्यात पडल्यावर पुन्हा तोच निकाल दिला.