चांगुलपणाने मिळालेली रजा

आई गेली तेव्हा मी मिशिगनमध्ये होते. सोलापूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेरावा झाला, नातेवाईक पांगले आणि मी परत निघाले. डेट्रॉइटच्या विमानतळावर मला न्यायला माझे प्रोफेसर स्वतः आले होते. सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, कानात यंत्र, काखेत सुपाचा थर्मास. "काही बोलायची गरज नाही," एवढंच ते म्हणाले आणि मी राहायचे त्या ट्रॉय गावापर्यंत खरोखरच काही बोलले नाहीत. हायवेच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते. मी सूप प्यायले. गरम आहे एवढं कळलं, कशाचं आहे ते कळलं नाही.

ट्रॉयमध्ये मी एका मराठी कुटुंबाकडे बेसमेंटमधल्या खोलीत राहत होते. काका एका ऑटो कंपनीत आयटीमध्ये, काकू घरून काम करायच्या. काकूंनी दार उघडलं, मला जवळ घेतलं आणि त्याच रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपलाच आहे हे हाताला कळतं, गालाला कळत नाही. माझं तसं झालं होतं. कुणी 'कशी आहेस' विचारलं की मी 'ठीक' म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी मी पुन्हा शिकवायला लागले. मी इतिहासात पीएचडी करत होते आणि पदवीच्या मुलांचा एक वर्ग घेत होते. माझा विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंग्लंड, त्यातही तिथले कॉन्झर्व्हेटिव्ह पुढारी आणि त्यांनी कामगारांसाठी केलेले कायदे. माझ्या प्रबंधाच्या मध्यभागी एक लॉर्ड होता. जमीनदार घराण्यातला, अतिशय धार्मिक. गिरणीत लहान मुलं रात्रंदिवस राबतात हे कळल्यावर त्याने अर्धं आयुष्य कामाचे तास कमी करण्यासाठी घालवलं. खाणीतून बायका-मुलांना बाहेर काढलं. वेड्यांच्या इस्पितळांतल्या साखळ्यांविरुद्ध बोलला. पण ह्याच कामगारांना मतदानाचा हक्क द्यायची वेळ आली तेव्हा तो मनापासून घाबरला. त्यांच्या संघटनांची तर त्याला धास्तीच होती. गरिबांचं भलं करणं हे वरच्यांचं कर्तव्य आहे, ते खालच्यांनी मागायचं नसतं, असं त्याला वाटायचं.

विषय सुचला आईमुळे. ती सोलापूरच्या एका गिरणीच्या पाळणाघरात नोकरीला होती. पाळणाघर आपल्या दयेने चालतं असं मालक दर दिवाळीला भाषणात सांगत. ते कायद्याने चालवावंच लागतं हे आईला एकदा इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर समजलं. ही गोष्ट ती फार हसत सांगायची.

प्रोफेसरांना माझा लॉर्ड फार आवडायचा. "आपला माणूस काय म्हणतो आज?" असं ते दर भेटीत विचारत. आपण स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह आहोत हे ते लपवत नसत. आमच्या विभागात तसे ते एकटेच होते आणि त्याची त्यांना गंमत वाटायची. त्यांच्या आजोबांची लोखंड ओतायची भट्टी होती. आजोबांना प्रत्येक कामगाराच्या मुलांची नावं पाठ होती, हे ते अभिमानाने सांगत.

त्या मार्चमध्ये आमच्या युनियनची विद्यापीठाशी चाललेली बोलणी फिसकटली. युनियन म्हणजे माझ्यासारख्या, शिकता शिकता शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांची. मी सभासद होते, पण कधी मीटिंगला गेले नव्हते. त्या दिवशी गेले ते रिकाम्या खोलीत बसवेना म्हणून. मागण्यांमध्ये एक मागणी रजेची होती. घरात कुणी आजारी पडलं किंवा गेलं तर पगारी रजा मिळावी, आणि ती कुणाच्या मर्जीवर नसावी.

केमिस्ट्रीतली ओहायोची एक मुलगी उठली. तिचे वडील गेल्या हिवाळ्यात वारले होते. तिच्या गाइडने तिला अंत्यविधीपुरतं सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये हजर राहायला सांगितलं होतं, कारण प्रयोग थांबवता येत नव्हता. "मी काळ्या ड्रेसवरच लॅबकोट चढवला," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. तो आवाज मला ओळखीचा वाटला.

मी मनात हिशोब लावला. माझी आई गेली तेव्हा प्रोफेसर म्हणाले होते, "जा, मी बघतो." माझे वर्ग त्यांनी घेतले, कुणाला कळवलंही नाही. ओहायोच्या मुलीच्या आणि माझ्या दुःखात फरक नव्हता. तिचा गाइड वेगळा होता, एवढंच. संपासाठी हात वर करा म्हणाले तेव्हा मी केला. धैर्य वगैरे काही वाटलं नाही.

काकूंना कळलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"अगं, व्हिसावर आहेस तू. तुला कशाला पडायचंय त्या भानगडीत?"

"स्ट्राइक केल्याने व्हिसा कॅन्सल होत नाही काकू. युनियनच्या लॉयरने सांगितलं."

"लॉयर सांगतील गं. उद्या काही झालं तर ते येणारेत का? आणि तुझे सर इतके चांगले! एअरपोर्टवर आले होते ना घ्यायला?"

"हो."

"मग?"

मी पोळ्या भाजायला घेतल्या.

संपाच्या आदल्या दिवशी प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं, खुर्ची पुढे केली.

"मी तुला रजा नाकारली का कधी?"

"नाही."

"नाकारेन असं वाटतं?"

"नाही, प्रोफेसर."

"मग माझ्याविरुद्ध संप कशासाठी?"

"तुमच्याविरुद्ध नाही," मी म्हणाले. "मला मिळाली, कारण तुम्ही चांगले आहात. केमिस्ट्रीतल्या एका मुलीला नाही मिळाली."

"तो गाइड नालायक आहे. मी त्याच्याशी बोलेन. उद्याच बोलेन."

ते खरंच बोलले असते. मी मान हलवली आणि उठले. त्यांनी खुंटीवरचा माझा कोट काढून हातात दिला, बाहेर वारा आहे म्हणाले.

वारा होताच. आम्ही इतिहास विभागाच्या इमारतीपुढे पाट्या घेऊन गोल गोल फिरायचो. घोषणा देताना माझे ओठ हलायचे. खरं सांगायचं तर मला ते फिरणं बरं वाटत होतं. पुढच्याच्या पाठीकडे बघत चालायचं, विचार करायचा नाही. बोटं गारठून बधिर व्हायची आणि आतून बधिर झालेल्या मला ती शोभायची.

प्रोफेसर रोज आमच्या रांगेतून आत जायचे. चोरासारखे नाही. थांबायचे, हॅट काढायचे, "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि आत जायचे. कुणी हुर्यो उडवली तरी चेहरा तसाच. तिसऱ्या दिवशी ते मोठी कागदी पिशवी घेऊन आले. तिच्यात लोकरीचे हातमोजे होते, सगळ्यांसाठी. "असल्या थंडीत उघड्या हातांनी भांडणं मूर्खपणाचं आहे," म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही एक जोडी घेतली.

त्याच दुपारी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी भेटला. तो खुशीत म्हणाला, "तुमचा क्लास चालू आहे! म्हातारे प्रोफेसर घेतात. मस्त शिकवतात."

मी पाटी मैत्रिणीकडे दिली आणि फोन करून त्यांना खाली यायला सांगितलं. इमारतीत मी पाय ठेवणार नव्हते. ते कोट न घालताच आले.

"माझा वर्ग तुम्ही घेताय?"

"घ्यायलाच हवा. मुलांचं नुकसान का व्हावं? आणि उद्या तुझ्याकडे कुणी बोट दाखवू नये. मी कुणाला सांगितलेलं नाही. निबंधही तपासून ठेवतोय."

"तुम्ही वर्ग घेतलात तर संपाला अर्थ उरत नाही."

"मी तुझ्यासाठी करतोय हे."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय, नका करू."

त्यांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. थंडीने नाक लाल झालं होतं. "म्हणजे मी आता तुला गिरणीमालक वाटायला लागलो?"

"नाही," मी म्हणाले. "लॉर्ड वाटता."

हे मी रागाने म्हटलं नाही. राग माझ्याकडे नव्हताच त्या दिवसांत. कानातलं यंत्र त्यांनी उगाच बोटाने दाबलं, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. मग वळून आत गेले.

त्यांनी वर्ग घेणं थांबवलं असं सांगायला मला आवडलं असतं. थांबवलं नाही. संप मिटेपर्यंत ते रोज हॅट काढत राहिले आणि रोज आत जाऊन माझा वर्ग घेत राहिले. आमचं बोलणं मात्र थांबलं.

संप मिटला तेव्हा बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं. पण रजेचं कलम करारात आलं. मीटिंगमध्ये लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ओहायोच्या मुलीने मला मिठी मारली. मी तिच्या केसांतला शांपूचा वास घेतला आणि आता काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली.

प्रोफेसरांनी मला तोडलं नाही. पुढची दीड-दोन वर्षं ते माझं प्रत्येक प्रकरण पहिल्यासारखंच बारकाईने वाचत राहिले. फक्त 'आपला माणूस' म्हणणं सोडलं. 'तुझा लॉर्ड' म्हणायला लागले. मी लॉर्डबद्दल कडक लिहिलं तिथे त्यांनी पुरावा मागितला. त्याच्या घराण्याच्या इस्टेटीवरचे शेतमजूर गळक्या झोपड्यांत राहत होते आणि गिरणीमालक ते त्याच्या तोंडावर फेकत, हा भाग मी गाळला होता. तो त्यांनीच मला घालायला लावला.

तोंडी परीक्षेत शेवटचा प्रश्न त्यांचा होता. "तुझ्या लॉर्डच्या अंत्ययात्रेला रस्त्यावर गरिबांची गर्दी लोटली होती. ते खरंच रडत होते, असं तुला वाटतं?"

"खरंच रडत होते," मी म्हणाले. "त्याने त्यांच्यासाठी खरंच केलं होतं. पण त्यांना मतही हवं होतं. दोन्ही खरं आहे."

त्यांनी मान डोलावली आणि वही मिटली.

संध्याकाळी त्यांनी मला ट्रॉयला सोडलं. काकूंनी त्यांना आग्रहाने आत बोलावलं आणि थालीपीठ वाढलं. त्यांनी लोणी लावून दोन खाल्ली. काका त्यांच्याशी गाड्यांबद्दल बोलत होते. नंतर मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले.

"आईसाठी रडलीस का कधी?" त्यांनी एकदम विचारलं.

"नाही. अजून नाही."

"माझी बायको गेली तेव्हा मीही नाही. लोकांना वाटलं, मी फार सावरलोय. खूप महिन्यांनी टायर बदलायला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, चारही बदलायचे का? आणि मला रडू फुटलं. त्या बिचाऱ्याला काय करावं कळेना. त्याने मला कॉफी आणून दिली."

"टायर बदलले का?"

"चारही," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फुटपाथवर उभी राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापत होतं. आत काकू हाक मारत होत्या, पानं घ्यायची होती. मी आत गेले आणि जेवायला बसले.