दाखवायची सवय

दिग्रसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. ओळखीचं कोणी दिसलं की तो हाक मारायचा, "या ना भाऊ, पाहून तं जा!" कापसाची वेचणी संपल्यावर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी मुळासकट उपटणारं यंत्र त्याने बनवलं, तेव्हा ते आठवडी बाजारात मांडून येईल त्याला चालवायला दिलं. एकाने यंत्राच्या दात्यांची मापं घेतली, तर टेपचं दुसरं टोक यानेच धरलं.

पुढच्या हंगामात हुबेहूब तसंच यंत्र दुकानांत विकायला आलं. मी त्याला नागपूरला पेटंटच्या वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, "अर्ज आधी करायचा असतो. चारचौघांत दाखवून झालेल्या वस्तूला आता पेटंट मिळणार नाही."

"दाखवल्याबिगर लोकायले समजंल कसं, साहेब?" त्याने विचारलं.

हल्ली तो नवीन काहीतरी बनवतो आहे. परवा मी दुकानात शिरलो, तशी त्याने घाईघाईने त्यावर पोतं टाकलं.

"तुमच्यावर शक नाही भाऊ," तो खाली पाहत म्हणाला, "पन आता कोनालेच नाही दाखवत."

मी पोत्याकडे पाठ करून बसलो आणि फाटकाच्या बिजागरीचं काम त्याला सांगितलं.