आपल्याच हातची खोटी नोंद

गेल्या महिन्यात एका दुपारी हौसाबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. जुन्नरला मी सातबाराचे उतारे छापून देण्याचं काम करते, आणि त्या दिवशी रांग दारापर्यंत गेली होती. त्या रांगेत थांबल्या नाहीत. सरळ पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, रोकडे भाऊसाहेब गेला. परवा. जेवून खुर्चीत बसला व्हता, तसाच." रांगेतल्या माणसांना कोण रोकडे ते ठाऊक नव्हतं, त्यांची कुजबुज चालूच राहिली. सात वर्षांपूर्वी हा माणूस माझ्यासमोर मरतोय असंच मला वाटलं होतं. तो आपल्या घरात, जेवून, खुर्चीत गेला... खरं सांगायचं तर मला आधी बरं वाटलं. रडू नंतर आलं.

तालुक्यातले सातबारे संगणकावर चढवायचं काम निघालं तेव्हा मी नुकतीच टायपिंग शिकले होते. आळेफाट्याला वडिलांचं ट्रकचं गॅरेज, घरात ग्रीसचा वास, आणि मला एकदम सहा संगणकांच्या, पंखे लावलेल्या खोलीत कंत्राटी नोकरी. तलाठी आपापल्या गावची दप्तरं फडक्यात बांधून आणायचे, टेबलावर टाकायचे आणि चहाला निघून जायचे. रोकडे भाऊसाहेब तेवढे जात नसत. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, रागीट माणूस. शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे. एकदा मी 'बाळू'चं 'बाबू' केलं तर त्यांनी टेबलावर अशी मूठ हाणली की कीबोर्ड उडाला. मी घाबरून रडायला लागले. ते ओशाळले, पण माघार घेतली नाही. म्हणाले, "ताई, इथं एक अक्षर चुकलं की तिकडं कुऱ्हाड निघते. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात तुटलेला पंजा मी फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेलाय. भाऊ शुद्धीवर होता. माझ्याकडं बघत होता." त्यानंतर मी एकही नाव न विचारता टाइप केलं नाही.

एका गावाचं दप्तर आणायला मात्र ते टाळाटाळ करत. घाटघरच्या अलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं गाव, भातखाचरं आणि नाचणीच्या हलक्या, उताराच्या वरकस जमिनी. आणलं ते सगळ्यात शेवटी. त्यातल्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "हे पान राहू द्या आज," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पान उलटं करून माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः उठून खिडकीशी गेले. मी आपली जे होतं ते टाइप केलं. खातेदार मेला होता, बायकोचं नाव वारसात नव्हतं, चुलत दिराचं नाव लागलं होतं. खाली बायकोच्या नावानं अंगठा. अशा नोंदी मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

छापील उतारे कायम करण्याआधी गावात चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवायचे, असा वरून आदेश होता. त्या गावाला भाऊसाहेबांबरोबर कागदांचा गठ्ठा घेऊन मी गेले. सकाळी दहाची वेळ, सगळा गाव जमलेला. रस्त्याकडेला जीपला टेकून ज्याला सगळे शेठ म्हणत तो उभा, आणि त्याच्या गाडीवर ड्रायव्हर असलेला तोच चुलत दीर. खाली बायकांमध्ये हौसाबाई. भाऊसाहेब एकेक खातं वाचत होते, माणसं "बराबर" म्हणत होती. मग ते पान आलं. त्यांनी ते वाचलंच नाही. गठ्ठा माझ्या हातात दिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "ही नोंद माझ्या हातची आहे. खोटी आहे. हौसाबाईंनी अंगठा दिला नव्हता. तो अंगठा माझा आहे. जमीन हौसाबाईंची आहे."

त्यामागची हकिगत पुढे दवाखान्यात कळली. चावडीवरच्या त्या दिवसाच्या आठ वर्षं आधी, भाऊसाहेब त्या सज्जात, म्हणजे तलाठ्याकडच्या त्या गावांत, नवीन असताना शेठच्या माणसांनी त्यांना भर दिवसा जीपमध्ये घातलं आणि नाणेघाटाच्या बाजूला कड्यावर नेलं. दोघांनी पाय धरले आणि छातीपर्यंत बाहेर लोंबकळवलं. खिशातलं पेन, चष्मा, सुट्टी नाणी खाली जाताना त्यांनी पाहिली. वर घेतल्यावर कुणीतरी त्यांच्या पाठीवर थोपटून म्हणालं, "भाऊसाहेब, तुमालाबी बायको हाय, तिचं वारसात नाव लावावं लागंल." शेठला ती जमीन आपल्या ड्रायव्हरच्या नावावर लावून पुढे पुण्याच्या लोकांना बंगल्यांसाठी विकायची होती. संध्याकाळच्या आत नोंद झाली. भाऊसाहेबांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चावडीवर यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग हौसाबाई उठल्या. आठ वर्षं त्या स्वतःच्याच खाचरात दिराच्या हाताखाली मजुरी करत होत्या. "आठ वर्सं!" एवढंच ओरडल्या आणि पायातलं पायताण काढून त्यांनी भाऊसाहेबांच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा, किती वेळा ते मी मोजलं नाही. त्यांच्या माहेरच्या दोन पोरांनी दगड उचलले. एक कपाळाला लागला, रक्त डोळ्यात उतरलं. भाऊसाहेबांनी हात वर केले नाहीत. आणि तेवढ्यात जीपकडून शेठची माणसं धावली. एकाच्या हातात दांडकं, दुसऱ्याच्या हातात जॅकचा लोखंडी दांडा. पहिला घाव उजव्या कोपरावर बसला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला... तो अजून माझ्या कानात आहे. दुसरा जबड्यावर. ते मातीत पडले तरी घाव थांबेनात.

मी काय केलं? मी कागद छातीशी धरून चावडीशेजारच्या शाळेच्या भिंतीमागे पळाले आणि डोळे गच्च मिटून घेतले. पुढचं मी फक्त ऐकलं. हौसाबाईंचा आवाज ऐकला, "मी मारीन त्याला! तुमी न्हाई! तुमी हात लावायचा न्हाई!" डोळे उघडले तेव्हा त्या भाऊसाहेबांच्या अंगावर पालथ्या पडल्या होत्या आणि दांडकं त्यांच्या पाठीवर पडत होतं. दोन बरगड्या मोडल्या. मग मात्र गाव उठला. माहेरच्या ज्या पोरांनी भाऊसाहेबांवर दगड टाकले होते, त्यांनीच आता जीपच्या काचा फोडल्या. शेठच्या एका माणसाला लोकांनी इतकं तुडवलं की त्याचा एक डोळा कायमचा गेला. तेही बघून मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघे जण पहारी घेऊन संगणकांच्या खोलीत घुसले. त्यांना त्या गावचं मूळ दप्तर हवं होतं. दप्तर माझ्यापाशी होतं. मी ते जमिनीवर टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसले. आदल्या दिवशी पळाले होते, दुसरं कारण नव्हतं. त्यांनी मॉनिटर फोडले, कपाट उलथं पाडलं, काचा उडून माझ्या हातात घुसल्या. एकानं वेणीला धरून मला फरफटवलं, आणि मी दप्तर दोन्ही हातांनी कवटाळून त्याच्याबरोबर फरफटत गेले. शिपाई आणि बाहेरचे वकील ओरडत आत आले म्हणून वाचले. माझ्या मनगटावरचा व्रण बघून गिऱ्हाइकं विचारतात, भाजलं का? मी हो म्हणते.

पुढचं सगळं कागदावरचं. मारणारे काही महिने आत जाऊन जामिनावर सुटले. चुलत दीर गाव सोडून गेला. शेठचं नाव फिर्यादीत आलं आणि पुढे कुठंतरी गळालं. दीड वर्षानं हौसाबाईंचं नाव सातबारावर लागलं. भाऊसाहेबांना मात्र खोटी नोंद केली म्हणून निलंबित केलं आणि चौकशी होऊन नोकरीतून काढलं. त्यांनी विरोधात एक अर्जही केला नाही. निलंबनाचा कागद आला तेव्हाच तारा बांधलेल्या जबड्यातून मला म्हणाले होते, "बरोबर केलं त्यांनी. त्यांच्या जागी मीही सही केली असती त्या आदेशावर." आता उतारा पंधरा मिनिटांत मिळतो, लोक खूश असतात, आणि तसं असायलाही हवं. पण ते पान मीच टाइप केलं होतं. यंत्रानं ते निमूट घेतलं होतं आणि सुबक छापून दिलं होतं. पंचनामा, खटला, निलंबन, सगळ्याच्या आधी एका माणसाला स्वतःच्या अक्षराची लाज वाटली, म्हणून ते पान बदललं.

परवा हौसाबाई आणि मी आंबेगाव तालुक्यातल्या भाऊसाहेबांच्या गावी गेलो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, मांडवाचे बांबू अजून उभे होते. एसटीत मी धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही त्यांना माफ केलं होतं का?" "माफी कशाची, पोरी? आठ वर्सं कोन माघारी देनार? पर त्यो दोनदा खोटं बोलू शकला असता. एकदाच बोलला."

घरात वहिनी, भाऊसाहेबांच्या पत्नी, एकट्या होत्या. बुद्धाच्या तसबिरीखाली भाऊसाहेबांचा नोकरीतला फोटो ठेवला होता, तो सरळ जबडा मी विसरूनच गेले होते. खुर्ची भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ठेवलेली. वहिनी म्हणाल्या, "मार खाल्ल्यापासून दाराकडं पाठ करून कधी बसले नाहीत. भीती बसली होती. दिवसभर इथून रस्ता बघायचे. एसटी थांबली की मान उंच करायचे, कोण उतरलं ते बघायचे. मी म्हणायची, अहो, आता कोण येतंय तुम्हाला मारायला?"

हौसाबाईंनी फोटोला हात जोडले नाहीत. त्या खुर्चीत जाऊन बसल्या. दारातून थांबा दिसत होता, आम्ही उतरलो तोच. दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या हातांवर ठेवले, आणि वहिनींकडे न बघता म्हणाल्या, "एकदा तरी यायला पायजे व्हतं मी."