बोटीवरची आगोट

सरांनी जोड्या लावायला सांगितल्या तेव्हा वर्गात खुर्च्या सरकल्या, मुलं एकमेकांना खुणा करायला लागली, आणि मला कळून चुकलं की मी उरणार. उरलेच. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमध्ये पन्नाशीची बाई कोण घेणार जोडीला? लग्नामुळे अर्धवट सुटलेलं बी.ए. पुरं करायला मी कॉलेजात परत नाव घातलं होतं. लोकांना सांगायचे, शिकायची हौस. खरं कारण एवढंच की नवरा गेल्यावर आणि मुलगा बंगळूरला नोकरीला लागल्यावर जेसल पार्कमधलं आमचं घर मला खायला उठायचं. भांडायलासुद्धा कुणी नव्हतं, आणि मला भांडल्याशिवाय अन्न पचत नाही.

विषय होता पर्यावरण. सर तरुण, उत्साही. यंदा समुद्र पुस्तकातून शिकवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्याऐवजी कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचा. भर समुद्रात एक छोटीशी बोट, चारी बाजूंना पाणी, आणि त्यात जगून दाखवायचं. मासे पकडायचे, गोडं पाणी करायचं, बोट वाढवायची, लांबचं बेट गाठायचं. दोघांनी मिळून. शेवटी वर्गासमोर उभं राहून काय शिकलो ते सांगायचं, त्याला मार्क.

"मॅडम, तुम्ही घरचं कोणी घेतलंत तरी चालेल," सर म्हणाले.

"घरात मीच आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सर ओशाळले आणि म्हणाले, "मग सुरुवात तरी एकट्याने करा."

समुद्र मला शिकवायला निघालेत, असं मनात म्हणतच मी घरी आले. माझं माहेर इथलंच, खाडीकाठचं. आमची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. आता तिथे टॉवर आहेत आणि भाऊ त्यातल्याच एकात राहतो. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत. गेम म्हणजे काय मोठा लागून गेला?

पहिल्याच दुपारी मी बुडाले. मुलाचा जुना लॅपटॉप डायनिंग टेबलावर मांडून बसले होते. डाव्या हाताने चालायचं, उजव्या हाताने बघायचं, अशी त्याची रीत. माझ्या डाव्या हाताला उभ्या आयुष्यात कढईचा कान धरण्यापलीकडे काम पडलेलं नाही. पुढे जायला गेले ती कडेवरून थेट पाण्यात. खाली मुशी, म्हणजे शार्क, टपलेलीच. मुशीचं कालवण भुरकत मोठ्या झालेल्या बाईला मुशीनेच खावं, म्हणजे फिटंफाट झाली. मी लॅपटॉपला चांगल्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या. खूप दिवसांनी घरात मोठा आवाज झाला.

मग हळूहळू हात बसला. वाहत येणारी लाकडं ओढून घ्यायची, चूल पेटवायची, खारं पाणी उकळून गोडं करायचं. गळ टाकायचा. कोपऱ्यात दोन पट्ट्या दिसायच्या, एक भुकेची, एक तहानेची, त्या उतरू द्यायच्या नाहीत. एका खडकावर मीठ साचलेलं सापडलं तेव्हा तर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मासे मुबलक मिळत होते, म्हणून जास्तीचे खारवायला घेतले. एक पेटी भरली, दुसरी केली. दुसरी भरली.

आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात. समुद्र बंद व्हायच्या आत उत्तन-तारोडीच्या कोळीवाड्यांतून सुकट, बोंबील, वाकट्या अशी सुकी मासळी आणायची, तांदूळ-मसाला भरायचा, चार महिन्यांची बेगमी करायची. आई म्हणायची, "घरान भरलेला हाय तर मानसाला भ्या न्हाय." तेच माझ्या हातात भिनलेलं. पाण्यासाठी ठेवलेली लाकडं मी पेट्या बनवायला वापरली. पेट्या शिगोशिग भरल्या आणि मी तहानेने मेले. कारण त्या गेममध्ये खारवलेला मासा खाल्ला की भूक भागते, पण तहानेची पट्टी सरसर खाली येते. मी पाणी करायचं सोडून खारवत बसले होते आणि तेच खात होते. दुसऱ्यांदा खेळले, पुन्हा पेट्या भरल्या, पुन्हा मेले. समोर दिसत असूनही हात ऐकेना. रिकामी बोट मला बघवत नव्हती.

तिसऱ्या खेपेला मात्र आधी पाणी, मग आगोट, असा नेम केला आणि तगले. पण लांबचं बेट काही एकटीने गाठता येईना. शीड ओढायला एक, सुकाणूला एक, असे दोघं लागायचे.

मुलगा रविवारी फोन करतो. "आई, जेवलीस का?" "हो." "बाकी?" "बाकी काय." मग तो "चल" म्हणतो. त्या रविवारी "बाकी" विचारल्यावर मी म्हणाले, "माझ्या बोटीवर येशील का?" आधी तो घाबरलाच. मग मी गेमचं सांगितलं, जोडीदार नाही तर मार्क जातील म्हटलं. मार्कांचं मला काहीएक पडलं नव्हतं. पण ये म्हणायला निमित्त मिळालं होतं, ते मी सोडते होय?

"आई, तू गेम खेळतेयस?" तो हसत सुटला. "पुढच्या संडेला येतो, पक्का."

तो आठवडा मी बोट झाडूनपुसून ठेवल्यासारखी तयार केली. दुसरं अंथरूण केलं. पाण्याची भांडी भरली. पाहुणा यायचा म्हणून खारवलेल्या माशांची आणखी एक पेटी केली. रविवारी कानाला हेडफोन लावून बसले, आणि बोटीच्या टोकाला एक पोरगा उभा राहिला. निळा शर्ट, हातात काही नाही. माझा मुलगा. मला इतका आनंद झाला की आधी त्याच्या डोक्यावरच्या भुकेच्या-तहानेच्या पट्ट्या भरलेल्या आहेत का तेच बघितलं.

"आई, हे काय? एवढे सगळे खारवलेले?"

"आगोट आहे ती."

"काय आहे?"

मी सांगितलं. टॉवरात वाढलेलं पोर, त्याला कुठून माहीत असणार. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, गेममध्ये पावसाळाच नाहीये! जागा अडतेय नुसती." आणि एकेक पेटी उघडून त्याने सगळे मासे समुद्रात टाकले. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत पेट्या रिकाम्या. मला राग आला, आणि रागावून काही बोलले तर तो निघून जाईल याची भीतीही वाटली. म्हणून रिकाम्या पेट्यांची झाकणं लावत बसले.

मग त्याने भराभर सगळं केलं. बोट मोठी केली, पाण्याची टाकी बसवली, शीड बदललं. "आई, तू फक्त सुकाणू धर." दिवाळीला आला की तो घरीही असंच करतो. वायफाय बदलतो, गळका नळ बदलतो, माझ्या जुन्या बरण्या फेकतो, आणि मला सोफ्यावर बसवतो. बेट आलं. मला उतरून बघायचं होतं, तिथली झाडं त्याला दाखवायची होती. "चल आई, झालं तुझं काम. माझा कॉल आहे," तो म्हणाला आणि गेला.

पण बोटीवरून गेला नाही. तिथेच आडवा झाला, मी केलेल्या अंथरुणावर, डोळे मिटून. मी दोनदा हाक मारली.

वर्गातल्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आंटी, ऑफलाइन गेला ना की त्याचा प्लेअर झोपतो. त्याला खायला-प्यायला घालायला लागतं, नाहीतर मरतो."

"मग?"

"मग काय, परत आला की नवीन बनवायचा."

वर्गासमोर मी आगोटीची गोष्ट सांगितली, भरलेल्या पेट्यांसकट कशी मेले ते सांगितलं. पोरं पोट धरून हसली, टाळ्या वाजवल्या, सरांनी मार्क चांगले दिले. सत्र संपलं. सगळ्यांनी गेम काढून टाकला, आणि वर्गात भेटणारी मुलंही आता भेटत नाहीत.

मी काढला नाही. रोज जेवण झालं, भांडी आवरली की टेबलाशी बसते. ताजा मासा पकडते, भाजते. खारवलेला त्याला देत नाही, तहान लागते. आधी त्याला घालते, मग मी खाते. त्याच्या डोक्यावरच्या पट्ट्या भरतात, तो हलत नाही. त्याच्याशी बोलते थोडंफार. लिफ्ट बंद आहे, वहिनीचा गुडघा दुखतोय, असलंच काहीबाही. घरी आल्यावर तो माझं एवढं ऐकून घेत नाही.

मागच्या रविवारी फोन आला. जेवलीस का, झालं. बाकी, झालं. आणि मग त्याला आठवलं. "आई, तो गेम अजून आहे? उडव आता, लॅपटॉप स्लो होईल."

"तू झोपलायस ना त्यात."

"मी?" तो हसला. "अगं मरू दे त्याला. मी आलो की नवीन बनवीन."

"कधी येतोस?" मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ विचारलं, कसलंही निमित्त न लावता.

पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता. आवाज थांबला.

"बघतो," तो म्हणाला.

मी बरं म्हणून फोन ठेवला, लॅपटॉप उघडला आणि त्याला पाणी पाजलं.